नानांच्या घरचे पाच ठिपके

"म्हणजे मी मेलो की तुझ्या मोबाइलवर लाल दिवा लागणार. असंच ना?"

मी स्टुलावर चढून दाराच्या चौकटीला लोहचुंबकाचा तुकडा चिकटवत होते आणि नाना खाली स्टूल धरून उभे होते.

"दिवा नाही, ठिपका. आणि भलतंसलतं बोलू नका. स्टूल नीट धरा."

"धरलंय की. टेलिफोन खात्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या शिड्या धरल्यात. तू पडलीस तर खात्याची अब्रू जाईल."

माझे वडील, भालचंद्र निकम, रहिमतपुरात आणि आसपासच्या खेड्यांत टेलिफोनचे लाइनमन होते. आई गेल्यावर ते तिथल्या तीन खोल्यांच्या घरात एकटेच राहायचे. मी त्यांची एकुलती एक. पुण्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी खात्यात होते, आणि घरी आले की मला एकच नाद होता, सोल्डरिंगचा. काडेपेटीएवढे ते बोर्ड मागवायचे, त्यांना सेन्सर जोडायचे, प्रोग्राम लिहायचा आणि घरातली एकेक वस्तू त्यांच्या ताब्यात द्यायची. आमच्या फ्लॅटमधले दिवे, गीझर, पडदे, सगळं मोबाइलवर चालायचं. नवरा म्हणायचा, "उद्या मलाही वायर लावशील." मी म्हणायचे, "तुला लावून काय उपयोग? तू कुठे रिस्पॉन्स देतोस!"

तर त्याच यंत्रणेला मी नानांचं घर जोडत होते. पाच ठिकाणी सेन्सर: पुढचं दार, गॅसची शेगडी, मधली खोली, पाण्याची मोटर आणि टीव्ही. पाचांच्या तारा एका बोर्डात, आणि तो बोर्ड इंटरनेटवरून माझ्या पुण्याच्या घराला कळवणार. नानांनी सकाळी दार उघडलं की पहिला ठिपका हिरवा. चहा ठेवला की दुसरा हिरवा. ठरल्या वेळेत एखादी गोष्ट झाली नाही तर तो ठिपका लाल. माझ्या मोबाइलवर दिवाणखाना, स्वयंपाकघर, बेडरूम अशी खोल्यांची यादी होती. तिच्या खाली मी आणखी एक खोली तयार केली आणि तिला नाव दिलं, 'नाना'.

हे सगळं करायला लागलं ते एका भांडणापायी. मी म्हणायचे पुण्याला चला, ते म्हणायचे नाही. आदल्या वर्षी एकदा आणलं होतं, पण आठव्या मजल्यावर त्यांचं मन लागेना. लिफ्टने खाली जायचे, वॉचमनशी बोलायचे, वर यायचे, पुन्हा खाली. एक दिवस मी कामावर गेलेली बघून पिशवी उचलली आणि एस्टीने सरळ रहिमतपूर गाठलं. ओट्यावर चिठ्ठी होती, 'दूध तापवून ठेवले आहे.' मी इतकी चिडले की आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

म्हणून आता सौदा झाला.

"एक जरी ठिपका लाल झाला," मी स्टुलावरून उतरत म्हणाले, "तर मी गाडी घेऊन येणार आणि तुम्हाला नेणार. कायमचं. मग कुरकुर चालणार नाही."

"आणि नाही झाला तर?"

"तर खुशाल राहा इथे. मी पुण्याचं नाव काढणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

नानांनी बोर्ड हातात घेऊन उलटापालटा करून बघितला. "वैजू, यात एक गोची आहे. दार मी उघडलं का दुसऱ्या कुणी, हे याला कसं कळणार?"

"घरात दुसरं आहेच कोण?"

"तेही खरं," ते म्हणाले आणि चहा ठेवायला गेले.

चहाला शेजारचे बाबालालचाचा आले. बाबालाल आतार, एस्टीचे रिटायर्ड कंट्रोलर. स्टँडवरच्या केबिनमध्ये बसून माइकवरून गाड्या सोडायचे ते. नानांशी त्यांची चाळीस वर्षांची दोस्ती. रोज भांडायचे आणि रोज एकमेकांकडे चहा प्यायचे. चाचांनी पाचही सेन्सर नीट निरखले.

"म्हंजी हितनं गाडी येळेवर सुटली का न्हाई, ते तुला पुन्यात कळनार?"

"अगदी तसंच, चाचा."

"आन् टायमिंग काय काय हाय?"

मला कुणी असं विचारलं की मी फुलून यायचे. मी त्यांना पाचही वेळा सविस्तर सांगितल्या. दार साडेपाच ते सहा, गॅस सव्वासहापर्यंत, मोटर अकराच्या सुमाराला, टीव्ही साडेबाराला बंद, सगळं. चाचा मान डोलावत ऐकत होते.

चार महिने सगळं झकास चाललं. सकाळी दात घासताना मोबाइल बघायचा, 'नाना' उघडायचं, दोन ठिपके हिरवे. अकरानंतर चार. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाच. मैत्रिणी आपापल्या म्हाताऱ्यांची रडगाणी गात असायच्या तेव्हा मी मोबाइल त्यांच्यापुढे धरायचे. "हे बघा, आमचे नाना. आत्ता टीव्ही बघतायत." बायका तोंडात बोट घालायच्या. खोटं कशाला बोलू, मला फार मिरवायला आवडायचं.

मार्चमध्ये आमच्या कंपनीत ऑडिट लागलं. श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्यातच एका दुपारी मी सहज नानांच्या वेळांचा तक्ता काढला आणि चकित झाले. आधीच्या महिन्यांत दार कधी पाच बत्तीसला उघडायचं, कधी पाच एक्कावन्नला. गॅसचं तर काही खरं नव्हतं. पण गेले दहा दिवस बघावं तर दार पाच चाळीस, पाच चाळीस, पाच चाळीस. गॅस सहा दहा. मोटर बरोब्बर अकरा. मिनिटाचा फरक नाही! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. जन्मभर आईने कपाळावर हात मारला तरी या माणसाला वळण लागलं नव्हतं, ते माझ्या काडेपेटीएवढ्या बोर्डाने लावलं. मी त्या तक्त्याला 'नानांची शिस्त' असं नाव दिलं आणि आमच्या छंदवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. धडाधड अंगठे आले.

रात्री जेवताना नागपूरच्या एकाचा मेसेज आला. 'ताई, हा टेस्टसाठी बनवलेला डेटा आहे ना? खरा कधी टाकणार?'

मी लिहिलं, 'खराच आहे.'

त्याने हसणारा चेहरा टाकला. 'माणूस असा नसतो, ताई.'

माझा घास हातातच राहिला. अहो, माझं सगळं आयुष्य याच कामात गेलं होतं! मशीनवरच्या ऑपरेटरने सलग सात वेळा एकच माप लिहिलं की मी त्याला कारखान्यात उभा सोलायचे. खरं माप थोडं तरी हलतं, आणि हललं नाही म्हणजे गडी माप न घेताच आकडे लिहितोय, हे मी नव्या पोरांना शिकवायचे. आणि इथे मी अंगठे मोजत बसले होते.

आता ऐका माझं शहाणपण. मला वाटलं, प्रोग्राममध्ये बग आहे. बोर्ड कुठेतरी अडकलाय आणि जुन्याच वेळा पुन्हा पुन्हा पाठवतोय. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सोल्डरिंगची पेटी, एक नवा बोर्ड आणि लॅपटॉप घेऊन मी सकाळी आठला निघाले.

"नानांना फोन केलास का येतेस म्हणून?" नवऱ्याने विचारलं.

"कशाला? बिघाड बोर्डात आहे, नानांत नाही."

शिरवळला चहाला थांबले तेव्हा मोबाइल बघितला. दार हिरवं, गॅस हिरवा. म्हटलं, बघू या आता मोटरची काय गंमत होते ती. अकराला मी रहिमतपूरच्या अलीकडे होते. गाडी बाजूला घेतली आणि घड्याळ बघत बसले. अकराच्या ठोक्याला मोटर हिरवी झाली. मी स्वतःशीच म्हणाले, "सापडलास!"

नानांचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी पेटी घेऊन आत शिरले.

मधल्या खोलीत बाबालालचाचा येरझाऱ्या घालत होते. सेन्सरसमोरून इकडे, मग तिकडे. एका हातात मनगटी घड्याळ, दुसऱ्या हातात शाळेची वही. टीव्ही चालू होता, आवाज बंद. मला बघून ते जागच्या जागी थिजले.

"या अल्ला," ते म्हणाले. मग घाईघाईने, "कुटला लाल झाला? गॅस? गॅस तर म्या टायमात लावला गं!"

मला काहीच कळेना. "चाचा, नाना कुठे आहेत?"

चाचांनी वही पाठीमागे लपवली. सत्तरीचा माणूस, पण चेहरा असा की आत्ता रडेल.

"चाचा, नाना कुठे आहेत म्हणते मी!"

"जित्ता हाय. आदी त्ये ऐक. जित्ता हाय तुजा बाप."

माझ्या हातातली पेटी खाली पडली. सोल्डरिंगची कांडी, तारा, स्क्रू, सगळं फरशीवर पसरलं. मी तिथेच, त्या पसाऱ्यात, खाली बसले.  चाचांनी पाण्याचा तांब्या आणून माझ्या तोंडाला लावला. 

"साताऱ्याला हाय, हास्पिटलात. रातचा हार्टचा झटका आला व्हता. आज अकरावा दिवस. फुगा घातला, ब्लाक काढलं. मंग छातीत पानी झालं म्हून ठिवून घेतलाय. आता ठीक हाय. आमची घरवाली बसलीय जवळ."

"अकरा दिवस?" मी म्हणाले. "अकरा दिवस, चाचा? आणि मला कुणी कळवलं नाही? मी पोटची पोर ना त्यांची?"

"शप्पत घातली त्येनं. जीपमदी घालत व्हतो, छातीला हात धरलेला, घामानं भिजलेला, आन् मला काय म्हनतोय? बाबालाल, अकराची मोटर! अगं, मरायला टेकलेला मानूस, आन् ह्येला मोटरीची पडलीय! म्हनला, ठिपका लाल झाला की पोरगी मला घिऊन जाती. मंग मी हितं परत येत न्हाई. येवढं सांबाळ माजं."

"आणि तुम्ही सांभाळलंत."

"काय करू? दोस्त हाय."

मी त्यांच्या हातातून वही ओढून घेतली. पट्टीने रेघा मारून रकाने आखले होते. दार ५.४०, गॅस ६.१०, मोटर ११.००. प्रत्येक दिवसापुढे, प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण. अकरा दिवस, एकही रकाना रिकामा नाही. याच आकड्यांचा मी तक्ता करून जगाला दाखवला होता.

"रोज पाच चाळीसला येत होता तुम्ही?"

"तीस वर्सं पहिली गाडी पाच चाळीसलाच सोडलीय म्या," चाचा म्हणाले. मग खालच्या आवाजात, "गॅसवर निस्तं पानी ठिवायचो. मंग वाटलं, गॅस वाया कशापायी? च्याच करून प्यायला लागलो."

मला हसावं की त्यांच्या थोबाडीत मारावी, कळेना. मी भांडले, खूप भांडले. म्हणाले, "त्यांचं काही बरंवाईट झालं असतं तर? ऑपरेशनला सही कुणी केली?"

"म्या केली. नातं इचारलं तर भाऊ लिवलं."

"नाव आतार आणि भाऊ निकमांचे?"

"डाक्टरनं बघितलं माज्याकडं. काय बोलला न्हाई."

 चाचा माझ्यासमोर उकिडवे बसले आणि माझे स्क्रू गोळा करायला लागले.

"तुला सांगू का, यंत्राचं भ्या नव्हतं आमाला," ते म्हणाले. "यंत्राला काय, कुनीबी फसवील. भ्या व्हतं तुज्या फोनचं. तू फोन केला आसता तर आवाजावरनं वळखलं आसतंस. म्हून निकमनं समदं ठरवून ठिवलेलं. काय बोलायचं, मदीच खोकला आला तर काय सांगायचं, तू मला फोन केलास तर निकम घरात न्हाई आसं कवा म्हनायचं. माज्याकडनं चारदा घोकून घेतलं त्येनं."

"मग?"

"मंग काय? तुजा फोन आलाच न्हाई की."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. "सुटलो म्हनलं," असं म्हणून त्यांनी स्क्रूची मूठ माझ्या पेटीत रिकामी केली.

मी मोबाइल काढला. केलेल्या फोनांची यादी खाली सरकवत गेले. ऑफिस, नवरा, दुकानदार, ऑफिस, ऑफिस. बोट दुखायला लागलं तेव्हा नानांचं नाव आलं. चौतीस दिवसांपूर्वी, एक मिनिट दहा सेकंद. काय बोलले होते तेही लख्ख आठवलं. म्हणाले होते, "नाना, राउटर बंद करून परत चालू करा, तुमचा टीव्ही दिसत नाहीये." आई गेल्यापासून रोज संध्याकाळी सातला मी त्यांना फोन करायचे. जेवलात का, काय जेवलात, गोळी घेतली का. ठिपके आल्यावर तो कधी बंद झाला, मला खरोखर आठवेना.

"चला," मी उठले. "साताऱ्याला."

दारापर्यंत आलो आणि चाचा थबकले. "थांब, टीव्ही बंद करायचाय साडेबाराला. न्हायतर लाल व्हईल."

"होऊ दे लाल!" मी ओरडले. शेजारची कुत्री भुंकायला लागली.

नाना जनरल वॉर्डमध्ये खिडकीजवळच्या कॉटवर होते. दाढीचे पांढरे खुंट वाढलेले, नाकात नळी, गाल आत गेलेले. चाची स्टुलावर बसून मोसंबं सोलत होत्या. याला आता सहा वर्षं झाली, पण ती कॉट आजही डोळ्यांपुढून जात नाही. नानांनी मला बघितलं, आणि लगेच माझ्या मागे बाबालालचाचांकडे.

"कोण चुकलं?"

"कोन न्हाई रं. समदं हिरवं हाय."

"मग ही कशी आली?"

"बोर्ड दुरुस्त करायला," मी म्हणाले.

नाना हसले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. चाचींनी पाठ चोळली. वाटेत गाडीत मी काय काय बोलायचं ठरवलं होतं! असं झापीन, तसं झापीन, त्या चाचांनाही सोडणार नाही. आता त्यांच्या हाताला सलाइनची सुई टोचून काळंनिळं झालेलं बघून सगळं विसरले. मी त्यांच्या पायांवरची चादर उगीचच सारखी करत राहिले.

खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "बरं. हरलो मी. कपडे चाचीकडे आहेत, भर पिशवीत. फक्त जाताना एकदा घरावरनं ने. किल्ली द्यायचीय बाबालालला."

"कुठे हरलात? एक तरी लाल झाला का?"

"म्हणजे?"

"शब्द म्हणजे शब्द. बरे झालात की रहिमतपूरला जायचं. पंधरा दिवस मी येऊन राहीन, मग तुमचे तुम्ही."

त्यांचा विश्वासच बसेना. त्यांनी बाबालालचाचांकडे बघितलं, चाचांनी खिडकीबाहेर. नानांच्या डोळ्यांच्या कडांना पाणी आलं आणि ते पुसायला हात उचलायचा तर सुईचाच हात उचलला गेला. मीच पदराने पुसलं.

"उशी जरा वर घे गं," चाची मला म्हणाल्या. मी उशी उचलली तर खाली नानांचा मोबाइल होता, चार्जरला लावलेला.

"त्याला कुनाला हात लावू देत न्हाईत," चाची मोसंब्याच्या फोडी करत म्हणाल्या. "संध्याकाळी सात वाजले की हातात घेऊन बसायचं. सिस्टरला सांगून खिडकी लावून घ्यायची, रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज जातील म्हून. शेजारच्या पेशंटला म्हनायचं, बोलू नका, माझ्या मुलीचा फोन यायचाय. सगळा वॉर्ड गप्प बसवायचे. आठ वाजले की मग ठेवून द्यायचे. काल तर नऊपर्यंत बसले होते."

"तू मोसंबं सोल," नाना म्हणाले.

मी कॉटच्या कडेला टेकले. त्यांचा मोकळा हात हातात घेतला. तो हलका लागला, आणि गार.

"नाना, इतकी भीती वाटत होती माझ्या फोनची?"

 

"भीती?" ते म्हणाले. "भीती पहिले दोन-तीन दिवस वाटली."